धूर कुठून जातो

बाहेर उणे एकतीस.
आत, टेबलाखालच्या काळ्या पेटीत, सत्त्याण्णव.
मधे मी, सातव्या मजल्यावर, अर्ध्या बाह्यांत,
कारण उलानबातरमधल्या या इमारतीचे हीटर
मे महिना येईस्तोवर कुणाचं ऐकत नाहीत.

तिसऱ्यांदा बंद पडला. न सांगता.
पडद्यावर काचेचा मनोरा चाळीस टक्के उभा होता,
गच्चीवर उन्हाळा, बाल्कनीत एक निळी सायकल
(माझं कामच ते : न बांधलेल्या घरांत ऊन पाडायचं)
आणि मग नुसता काळोख,
त्यात माझाच चेहरा.

सुटा सुटा भाग आणून मीच जोडलेला.
मदरबोर्ड बाजारातून घासाघीस करून,
प्रोसेसर तेमुलेनकडून, अर्ध्या किमतीत, वर शपथा.
आता बोंब मारायची तर कुणाच्या नावानं?

बाजूचा पत्रा काढला.
हीटसिंकच्या पात्यांत धूळ नव्हती, काजळी होती,
डोंगरउतारावरच्या हजार चुलींची.
एखाद्या फटीत आमच्याही चुलीची असेल,
वडील अजून तिथेच राहतात.
घोड्याच्या केसांच्या कुंचल्यानं झाडून काढली.
ब्याण्णव.

मग पेस्ट. जुनीचा खडू झालेला.
नवी घेऊन पोरगा चालत आला, ट्यूब गोठून दगड.
ती काखेत धरून बसले,
वडील देलच्या आत नवं कोकरू धरून बसायचे तशी,
फेब्रुवारीच्या रात्री.
वाटाण्याएवढा थेंब. चार स्क्रू,
समोरासमोरचे, आळीपाळीनं,
खोगिराचा पट्टा आवळतात तसे, थोडं इकडे, थोडं तिकडे.
नव्वद.

दोन अंश!
दोन अंशांसाठी माझी एक अख्खी रात्र.

व्होल्टेज उतरवलं. पंख्यांचा वेग चढवला.
आता पेटी तापायची तर तापायचीच,
वर किंचाळायलाही लागली.

रविवारी वडील आले. बूट ओले,
पिशवीत सुकवलेलं दही.
बराच वेळ उघड्या पेटीसमोर उकिडवे बसून राहिले.
प्रोसेसर त्यांना ठाऊक नाही.
चूल ठाऊक आहे.
गेरच्या मधोमध चूल, छताला एक गोल भोक,
आणि धूर अडला
तर आतली माणसं सकाळी उठत नाहीत.

"धूर कुठून जातो?"
"बाबा, यात धूर नसतो."
"असता तर?"

देवाच्या फळीवरून जुनिपरची चिमूट घेतली त्यांनी,
पेटवून पेटीच्या मागे धरली.
मागचा पंखा धूर दूर लोटेल, असं मला वाटत होतं.
धूर सरळ आत गेला.
पुढचे दोन पंखे वारा आत ढकलतायत,
मागचाही आतच ढकलतोय,
आणि मधे सगळा धूर गरगरतोय,
दार न सापडलेल्या मेंढीसारखा.

पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नखाएवढा.
सगळं तपासलं होतं मी,
बाजार, तेमुलेन, पेस्ट, कंपनी, नशीब,
फक्त माझ्या हातानं बसवलेला हा एक पंखा सोडून.

वडील हसले नाहीत.
"कॉलेजात किती वर्षं होतीस?" एवढंच विचारलं,
आणि दही चघळत राहिले.

चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले.
चौसष्ट.

रात्री मनोरा पुरा झाला, सायकलीसकट.
खोलीत जुनिपरचा वास. वडील जमिनीवरच झोपलेले.
पेटीच्या मागे, गरम वारा येतो नेमक्या त्या जागी,
त्यांनी आपल्या बुटांतले नमद्याचे मोजे
वाळत घातले होते, अगदी झरोक्याला टेकवून.

आकडा बघितला. सहासष्ट.
राहू दिले.