पटावर तेवीस

मांजरेकर यज्ञेश दिगंबर.
नाव आम्हीच ठेवलं, हौसेनं.
तेव्हा कुठे माहीत होतं
की त्या जोडाक्षरावर
त्याची होडी रोज वाळूत रुतणार.

कुडाळच्या मोठ्या शाळेत बासष्ट मुलं एका वर्गात.
पिवळी बस, टाय, संगणकाची थंड खोली.
हजेरीला तो "य… य…" करेपर्यंत
बाई सावंतांवर पोचलेल्या असायच्या.
वर्षभर त्याची गैरहजेरी लागत गेली,
पोरगा बाकावर बसलेला असताना.

मी काजूच्या कारखान्यात.
बोटं तेलानं काळी, साबणाला दाद देत नाहीत.
दिगू ट्रॉलरवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर.
म्हणून अर्ज घेऊन मी एकटीच गेले
उभादांड्याला, माडांच्या मागे, सिस्टरांच्या शाळेत.
चार खोल्या, आणि घंटा म्हणून टांगलेला
बोटीचा जुना पितळी पंखा.

जाऊ म्हणाली, "पोराक बाटवतली. क्रूस घालतली गळ्यात, मगे बघ."
बाजारात मोनिका आल्मेडा भेटली,
चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी.
बांगडे निवडता निवडता म्हणाली,
"आमचीच पोरां थंय नाय गो, तू कित्याक घालतंस?"
भावोजींनी फक्त फी विचारली.
आकडा ऐकून त्यांचा धर्म जरा सैल झाला.

घाबरले मीही होते, खोटं कशाला बोलू.
ऑफिसात उघडं काळीज दाखवणारा येशू,
त्याच्याखाली लसीकरणाचा तक्ता.
'धर्म' या रकान्यापाशी माझं पेन अडलं.
लिहिलं. कागदावर काळा अंगठा उमटला.
सिस्टर इमेल्डांनी अर्ज बाजूला ठेवला
आणि पोराला विचारलं, "तुझं नाव काय?"

मी सवयीनं पुढे झाले: "यज्ञे—"
त्यांनी हात वर केला,
माझ्याकडे न बघता.

मग आम्ही थांबलो.
पलीकडे कुणीतरी नारळ खवत होतं.
खवणीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.
एक मांजर आत आलं, बाहेर गेलं.
माझ्या तोंडात त्याचं नाव
गरम भजीसारखं,
गिळवत नाही, थुंकवत नाही.
त्यानं ते स्वतः संपवलं. घामाघूम.
सिस्टरांनी लिहून घेतलं,
कुणाचंही घेतात तसं.

चतुर्थीला आरती संपली
आणि यज्ञेशनं सगळ्यांसमोर
कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली.
जाऊच्या हातातली झांज हवेतच राहिली.
दिगू म्हणाला, "ऱ्हवांदे. गणपती वळाखता तेका."
नंतर रात्री मला हळूच विचारलं,
"शाळेत सगळीच करतत काय तां?"
मी म्हटलं, "माहीत नाही."
खरंच माहीत नव्हतं.

सगळं बरंच झालं असं नाही.
इंग्रजी कच्चं आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट.
सातवीनंतर काय, कुणी सांगत नाही.
पटावर तेवीस होते,
लोबोंची जुळी जूनमध्ये म्हापशाला निघाली.
एकवीस.
डायस बाईंचे गुडघे गेलेत,
त्यांच्या जागी कोण येणार, ठरलेलं नाही.
काजू सोलताना मी आकडे मोजते,
आणि मोठ्या शाळेची पिवळी बस
कारखान्यासमोरून जाते,
वेळेवर.

आज फाटकाशी तो धावत आला, दप्तर उघडंच.
"आई, आज मी क… क…"
कविता? कासव? कप्तान?
शब्द रांगेनं माझ्या जिभेवर,
रिक्षावाला दोनदा हॉर्न देतो,
"वहिनी, चला हो,"
मी काळी बोटं वर करते,
त्याच्याकडे न बघता.
"क… क…"