मोजमाप वही

कंत्राटात एकच शब्द आहे: तण.
दर चौरस मीटरला, मुळासकट, उचलून नेण्यासह.
जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, दुभाजक, दोन्हीकडची गटारकड.
मी मुकादम. फीत धरतो, आकडे लिहितो.

जान्या दुमाडा उकिडवा सरकायचा पुढे
आणि त्याच्या मागे रस्ता काही साफ व्हायचा नाही.
आघाडा उपटला, पण एक ठेवला.
घेटुळी कठड्याखाली सारली, जशी कुणी चिल्लर सारतं.
एकदा तर विळा खाली ठेवून कशाला तरी हात जोडले,
मागून डंपर हॉर्न मारतोय, आणि हा
परवानगी मागतोय.

मी म्हटलं, जान्या, बिल कापतील.
कापू दे, म्हणाला. हे नको कापायला.

एप्रिलात पत्र्याने माझा अंगठा फाटला.
त्याने दुभाजकातलं काहीतरी खुडलं,
चावलं, थुंकीसकट जखमेवर बसवलं,
सिग्नल दोनदा हिरवा होईतो दाबून धरलं.
रक्त थांबलं.
नाव काय रे ह्याचं?
"नाव घेतलं का गुण जातो."
शंभराची नोट पुढे केली
तर हात असा मागे घेतला, जशी ती पेटलेली होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन मी संध्याकाळी घेतलंच.
सांगितलं त्याला. हसला. दोन्ही घ्यावं, म्हणाला.
त्याच्या थोरल्याची कावीळ पाल्याने उतरली नव्हती,
कूपरला नेला तोवर उशीर.
हे त्याने एकदाच सांगितलं, विळ्याला धार लावता लावता,
आणि त्या दिवशी एकही तण मागे ठेवलं नाही.

पुढे त्याचा पाडा हलवला. बारावा मजला, लिफ्ट बंद.
कामाला येईना झाला.
नव्या कंत्राटात फवारणी आहे:
चौथ्या दिवशी सगळं पिवळं, मोजायला सोपं.

फक्त सतरा नंबरच्या खांबापाशी
मी पंपवाल्या पोराला चहाला पाठवतो.
तिथे दातेरी पान आहे, एकच लांब केसाळ देठ,
त्यावर शर्टाच्या बटणाएवढं फूल.
नाव मला केव्हाच कळलंय,
मरोळच्या बाजारात कुणीही सांगेल.
वहीत लिहितो:
अडथळा, विजेचा खांब.
वजा दीड मीटर.