खोट्या दरजा

समुद्राकडे तोंड करून चौदा घरं,
खांद्याला खांदा, एकाच सायीच्या रंगात.
दर पाच वर्षांनी हाच रंग, हीच छटा,
भाडेपट्ट्यातच तसं लिहिलंय.
खिडक्या पोट पुढे काढून
लाटांकडे बघत बसलेल्या.
मागच्या गल्लीत मात्र प्रत्येकाचं निराळं:
नळ, मोऱ्या, वाकडी धुराडी, वाळत टाकलेले पायजमे.

अकरा नंबरच्या परांचीवर
म्हातारा टपेन हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवतो,
कान लावून.
टण्. टण्. टण्.
डब.
"इथे सुटलंय," म्हणतो, आणि मी खडूने गोल काढतो.
दुपारपर्यंत भिंतीला गोवर.

गिलावा उतरवला तर आत
चकमकीचे गोटे, विटांचे तुकडे,
चुन्यात कालवलेली भट्टीची राख,
चिलमीची मोडकी नळी,
एक अख्खा कालवाचा शिंपला.
फळ्यांच्या साच्यात हाताला येईल ते ओतत
चार मजले वर नेलेली भिंत.
दगड असा कुठे नाहीच.
दगड नुसता रेघांचा,
ओल्या गिलाव्यावर पट्टी धरून ओढलेल्या दरजा,
खालून जाणाऱ्या बग्गीला वाटावं म्हणून.
झाकली मूठ, दोनशे वर्षं.

मिसेस एकहर्स्ट चहाचे मग घेऊन खाली उभी.
दुसऱ्या मजल्यावर नाचाच्या दिवाणखान्याचा एक तुकडा तिचा.
छतावरचं प्लास्टरचं फूल मधल्या पार्टिशनने कापलंय:
पाच पाकळ्या तिच्या पलंगावर,
बाकीच्या डेरेकच्या न्हाणीघरात.
ती वर बघते. उघड्या भिंतीकडे बघतच राहते.
"चाळीस वर्षं मी ह्याच्या भरवशावर झोपले?"

"पाणी आत गेलं नाही तर उभी राहील," टपेन म्हणतो,
"गेलं, तर हे." आणि बिस्किट
चहात जरा जास्तच वेळ धरतो.
ती हसत नाही. मग हसते.

शिंपला मी खिशात टाकला होता.
त्याने न बघता हात पुढे केला.
जिथला तिथे गेला शिंपला, वर चुना, वर केस मिसळलेला गिलावा,
तीन हात, मध्ये दिवसांची वाट.

शेवटी पट्टी.
माझी पहिली रेघ खालच्या टोकाला
नखभर सरकली.
त्याने ओल्या स्पंजाने पुसली.
"खोटी आहे ना?" मी म्हटलं.
"म्हणून तर," तो म्हणाला, "सरळ काढ.
दहा नंबरशी जुळली पाहिजे."