मूठ

अकरा वर्षं ही मूठ मी ओढते आहे.
उपकेंद्राचं दार, त्याला पितळेची मूठ,
भंडाऱ्याच्या भट्टीतली, माझ्या वितीएवढी.

नवी होती तेव्हा नुसती पिवळी होती,
कुठूनही बघा, एकच पिवळी.
मग हात लागत गेले.
तापातले, मिठाचे, बिडी विझवून आलेले,
डोस पाजायला आणलेल्या पोराचे,
चिखलातून उठून थेट इथं आलेले.
चौथ्या पावसाळ्यानंतर
तिच्यात तुकडे दिसू लागले.
काही नखाएवढे, काही चिंचोक्याएवढे,
कडा सरळ, कोपरे टोकदार,
एक उजळ, त्याला लागून एक काळसर.

खापरे ग्रामसभेत म्हणाले, भेसळ आहे.
शाळेच्या दारांचं काम
डोमाजी ओतारीकडून काढून घेतलं.

तो सायकलनं आला. मूठ उन्हात न्याहाळली.
"भेसर नाही जी, सिस्टरबाई. एकच पितर."
(तो पितळेला पितर म्हणतो,
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते.)
मग मागच्या खिडकीशी नेलं मला.
रोवणा नुकताच आटोपलेला.
"धान एकच. दिवस एकच.
पर कोन्या बांधीत बायायनं कोनीकडं तोंड केलं, ते पाहा."

पाहिलं.
एका बांधीत गल्ल्याच गल्ल्या, आरपार,
पाणी चमकत शेवटापर्यंत.
तिच्या शेजारची, तेच धान, तीच वाण,
इथून हिरवी भिंत.

"धातू निवते तवा असंच होते.
जागोजागी रांगा धरते, आपापल्या दिशेनं.
जिथं रांगा दाट, वर पाठ आली,
तिथं घामाले पाय ठेवाले जागा नाही.
जिथं गल्ली उघडी, तिथं मीठ आत शिरते,
पायरी पायरीनं खाते.
अन् धुरा तं पहिले खचतेच."

मग दोष कुणाचा, मी विचारलं.
तो बराच वेळ धुऱ्यावरच्या बगळ्याकडं बघत राहिला.
"घासून देऊ का? चार महिने गप राहीन.
मंग पुन्हा बोलन."
नको म्हटलं.

मी अर्ज लिहिला, बांध्यांचं सगळं लिहिलं.
काम काही परत आलं नाही.
शाळेला आता स्टीलच्या कड्या आहेत.

काल रात्री वीज गेली.
रायवंता आत कण्हत होती,
मी गरम पाण्यासाठी बाहेर आले,
आणि बॅटरीचा झोत मुठीवरून सरकला.
काळा तुकडा एकदम पेटला,
शेजारचा उजळ विझला,
मनगट जरासं वळलं तर पुन्हा उलट.
दोन-तीनदा केलं मी तसं. वेळ नव्हता, तरी केलं.

परतले तेव्हा रायवंताची सासू
मूठ धरून उभी होती, सोडत नव्हती.
तिच्या बोटांखाली
कोणता तुकडा कुठं तोंड करून होता,
मला दिसत नव्हतं.
"सरका, मावशी," म्हटलं,
आणि तिच्या हातावरच हात ठेवून
दार ओढलं.