तीनशे एकसष्ट

औलूत तीन वाजताच अंधारतं.
टूरेच्या स्वयंपाकघरात आठ जण,
हातात पंधरा-पंधरा पत्ते.
एक ठेवायचा, उरलेले डावीकडे. अशा तीन फेऱ्या.

पत्ते सगळे टूरेचेच,
एक आत, एक बाहेर करत
वर्षानुवर्षं निवडलेले.
तरी स्वतःचाच ड्रॅगन
हेल्काच्या हातून सुटेल म्हणून
पाहुण्यासारखा ताटकळतो.
सुटत नाही.

मध्यरात्री मोजणी.
तीनशे एकसष्ट.
पुन्हा मोजले. एकसष्टच.
कुणीतरी गुपचूप घालून गेलंय
चिखलातलं पाणमांजर,
कोपरा दुमडलेलं, कवडीमोल.

काढावं. नियम त्यानेच केलेला.
दारात बुटांचं बर्फ वितळून
सातही ठसे एकमेकांत मिसळलेत.

तो सगळेच पिसतो.
आता दर शनिवारी
एक पत्ता पेटीतच राहील,
कुठला, ते त्यालाही न कळता.