पांढरा पट्टा, दुसऱ्यांदा

फोंड्याहून आलेल्या माणसाने
आमची प्रमाणपत्रं पत्त्यांसारखी पिसली
आणि टेबलावर उपडी ठेवली.
म्हणाला, बोनिफास कुलासो या नावाचा ब्लॅक बेल्ट
कुठल्याच रजिस्टरात नाही.
तुमचे सर ब्राऊनवरच थांबलेले.
म्हणजे तुम्ही सगळे
अजून सुरूच झालेला नाहीत.

सरांचं महिन्याचं मीस व्हायचं होतं अजून.
मागच्या बाकावरचा नेहाल
आपला पिवळा पट्टा हळूच शर्टाखाली सारत होता.

पट्टे सर स्वतः रंगवायचे,
कुडचड्याच्या बाजारातल्या रंगाच्या पुड्या आणून,
वेल्डिंगच्या शेडमागे डब्यात उकळून.
हिरवा दोन धुण्यांत पोपटी व्हायचा.
काळा कुणालाच दिला नाही.
विचारलं तर म्हणायचे,
काळो रंग म्हारग.
आम्ही हसायचो.
आता प्रमाणपत्र सुलटं करून बघतो तर
सहीखाली दर्जाची ओळ कोरी,
आणि कंसात, बारीक अक्षरात: वेल्डर.

खाण बंद पडली त्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो.
सावर्ड्याच्या जेटीला बार्जा बांधून ठेवलेल्या,
माझी दुसऱ्या रांगेत,
पगार नाही, डिझेल नाही,
मातीची लाल पूड मात्र प्रत्येक सांध्यात.
सर डेकवर चढले, चपला काढल्या, म्हणाले,
उबो राव.
गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखा.
एवढंच. चाळीस मिनिटं.
नदी खालून बार्ज उचलत होती, सोडत होती,
आणि मी प्रत्येक वेळी पडलो.
आनी एक पावट, सर म्हणायचे,
आणि स्वतःच्या बिडीची राख
डेकवर पडू न देता हातात झेलायचे.

मग मी वेळीपाला मारलं.
कारण सांगण्यासारखं नाही,
ट्रकच्या भाड्याचे पैसे आणि तीन पेग.
एकच ठोसा, अगदी शिकवल्याबरहुकूम,
कंबरेतून.
मला त्याचा आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

सर ओरडले नाहीत.
वेळीपाच्या दारात मला उभं केलं.
जबडा बांधलेला, चावता येत नाही.
रोज सकाळी याला पेज आणून द्यायची, तूच शिजवायची,
बायकोला हात लावू द्यायचा नाही.
पहिल्या दिवशी करपली.
चौथ्या दिवशी त्याच्या आईने
भांडं माझ्या अंगावर रिकामं केलं.
मी घरी जाऊन पुन्हा तांदूळ धुतले.
अकरा दिवस.
बाराव्याला वेळीप दातांच्या फटीतून म्हणाला,
मीठ कमी घालतोस रे तू.
सर उंबऱ्यावर बसले होते.
उठले, पँट झटकली,
म्हणाले, चल, झाली परीक्षा.

संध्याकाळी पट्टा दिला तो ओलाच होता.
माझी कंबर आठवडाभर हिरवी.

फोंड्याच्या माणसाचं चुकत नाही.
त्याच्याकडे रजिस्टर आहे, शिक्का आहे,
त्याची लाथ माझ्या कानाएवढी उंच जाते
आणि परत येताना आवाज करत नाही.
हे मी मत्सराशिवाय पाहिलं,
म्हणजे, जवळजवळ.
दामू ताऱ्याने फी परत मागितली.
कुणाकडे, ते त्यालाही कळलं नाही.
लिओनोरा उठून गेली आणि दारातून परत आली.

प्लास्टिकमधला नवा पट्टा, साडेतीनशे रुपये.
घडीच्या रेषा इतक्या कडक
की गाठ बसेना.
बेचाळिसाव्या वर्षी
नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत,
शेवटचा, कारण उंच.

घोड्याची बैठक, तो म्हणाला,
आणि आकडे मोजू लागला.
पालिकेच्या हॉलची फरशी
जराही हलत नव्हती.
तेवढीच अडचण.
बाहेर भरती लागली होती,
घड्याळ न बघता
माझ्या गुडघ्यांना ते ठाऊक होतं.