आधी सिस्टरला सांगायचं

ड्यूटी टेबलाच्या वर कागद चिकटवलाय.
वर कन्नड, खाली मराठी. मराठीत दोन चुका आहेत.
आयाने सिस्टरला सांगावे. सिस्टरने इनचार्जला.
इनचार्जने मॅनेजरला. मॅनेजर डाक्टरना फोन करतिल.
आणि लाल पेनानं, नंतर कुणीतरी:
कोणीही परस्पर फोन करू नये.

परस्पर या शब्दाला आमच्या यळ्ळूरात
एकच अर्थ आहे. भावानं भावाचं रान विकलं,
तेव्हा म्हणतात, परस्पर.

सहा नंबरच्या खाटेवर हुंदरे मामा.
वडगावात पंचेचाळीस वर्षं माग चालवला.
माग गेला, पायांतली ताकद गेली,
पोरं फोनवर कोण बोलतंय तेही आता कळत नाही,
पण बोटं चालतात. चादरीच्या काठावर सुटलेला धागा शोधतात,
सापडला की अंगठ्यानं पीळ देऊन गाठ मारतात,
पुढं सरकतात. रात्रभर.
धुणं भिजवताना माझ्या हाताला त्या गाठी लागतात,
ज्वारीच्या कण्यांएवढ्या.
डॉक्टर राउंडला म्हणाले होते, त्याला काही अर्थ नसतो.

पावणेतीनला बोटं थांबली.

ताप नव्हता. बीपीचं मशीन बरोबर आहे म्हणालं.
शुगरचं मशीन कपाटात, किल्ली इनचार्जबाईंच्या पर्समध्ये,
इनचार्जबाई खानापूरला, बहिणीकडं.
मी सिस्टरला उठवलं. म्हटलं, मामांची बोटं थांबली.
सिस्टर गोकाकची, पोरगीच अजून, मराठी अर्धं कळतं.
तिनं वर सांगितलं, हालचाल कमी आहे.
बाईंनी वर सांगितलं, शांत आहेत.
मॅनेजर कोट्रशेट्टींनी पुढं फोनच केला नाही,
शांत माणसासाठी कोण करील?
उलट निरोप तेवढा भराभर उतरला,
झोपू द्या म्हणावं.

मी तिथंच उभी राहिले. जायला पाहिजे होतं खरं,
चार नंबरची चादर ओली होती.
सिस्टरनं मामांच्या हाताकडं बघितलं, कागदाकडं बघितलं,
स्वतःचा मोबाइल काढला, नंबर लावला
आणि माझ्या कानाला लावला. म्हणाली, नीनऽ माताड.
तूच बोल.

माझं कन्नड बाजारातलं.
कांदा, मेथी, किती, जास्त सांगतोस की.
तेवढ्यावर म्हटलं, सर, सहा नंबर. बेरळ निंताव्री.
बोटं थांबली.
पलीकडं फक्त पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं, यावाग?
पावणेतीनला कन्नडात काय म्हणतात मला येईना,
मी पावणेतीनच म्हटलं. त्यांना कळलं.
फोन सिस्टरला दे म्हणाले, तिला ग्लुकोजचं सांगितलं,
आणि शेवटी एक शब्द, मलाही ऐकू आला एवढा मोठ्यानं:
बंदे.

बंदे म्हणजे आलो.
चप्पलसुद्धा घातली नसेल अजून,
सदाशिवनगर कुठं, आम्ही कुठं, पण आलो.
आमच्यातही तसंच म्हणतात. निघायच्या आधीच आलो.

गेट दहानंतर मॅनेजरना विचारल्याशिवाय उघडायचं नाही.
वॉचमन भरमूनं उघडलं,
म्हणाला, कुलूप खराबच होतं की.

आठ दिवसांनी मला मेमो आला, कन्नडात.
थोरल्याकडून वाचून घेतला.
विचारलं, यात परस्पर आहे काय रे?
तो म्हणाला, कन्नडात त्याला वेगळं काहीतरी म्हणतात.
काय म्हणतात ते त्यानं सांगितलं, मी विसरले.
सिस्टरलाही आला. तिनं घडी करून
पावडरच्या डब्याखाली ठेवलाय.

मामा आहेत.
डाव्या हाताची बोटं मंद झालीत, उजव्याची चालतात.
देणगीत नवीन चादरी आल्या, पॉलिस्टरच्या,
काठाला यंत्राची शिलाई, धागाच सुटत नाही.
दोन रात्री बिचारे नुसते चाचपडत राहिले.

काल सगळे झोपल्यावर
मी सहा नंबरचा काठ ब्लेडनं वीतभर उसवून ठेवला.
सिस्टरला नाही, इनचार्जला नाही,
कुणाला म्हणून विचारलं नाही.
परस्पर.